टॉन्सिल काढल्यावर मूल पाणीच पीत नसेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी 5 वर्षांची, वजन 16 किलो, टॉन्सिल काढून आज तिसरा दिवस, पेला दिसला की तोंड फिरवते आणि सकाळपासून एकदाच लघवी झाली. मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. ‘पी गं बाळा’ म्हणून मागे लागण्याआधी घड्याळ बघा, औषधाचा शेवटचा डोस कधी दिला होता? तिला तहान आहे, पण गिळताना दुखतं म्हणून ती पीत नाही. न प्यायल्याने घसा सुकतो आणि आणखी दुखतो. तिसऱ्यापासून पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दुखणं उलट वाढतं आणि नेमकं तेव्हाच घरचे ‘आता बरी आहे’ म्हणून औषध बंद करतात.

पॅरासिटामॉल साधारण किलोला 15 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी, दिवसात चारदाच. म्हणजे तिला 240 मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा मात्र वाचाच: 5 मिलीत 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम असं वेगवेगळं सिरप मिळतं, चमचा तोच ठेवला की डोस निम्मा किंवा दुप्पट होतो. डिस्चार्ज कार्डावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. रात्री एकदा उठवून डोस द्या, नाहीतर तोंडाने श्वास घेऊन सकाळी घसा कोरडाठाक होतो. ॲस्पिरिन आणि कोडीन अजिबात नको. आयब्युप्रोफेन सर्जनना विचारूनच, अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतं.

डोसनंतर अर्ध्या-पाऊण तासाने पाजायला बसा. 16 किलोला 24 तासांत अंदाजे 1300 मिली द्रव लागतं. आकडा ऐकून घाबरू नका: जागेपणी दर 20 मिनिटांना 30 मिली, म्हणजे सिरपच्या 10 मिलीच्या टोपणाने तीन टोपणं. तिला सरळ बसवा. सुई नसलेल्या सिरिंजने द्यायचं तर गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा, थेट घशात नाही. उलटी झाली तर अर्धा तास थांबून दर 5 मिनिटांना 5 मिली.

नुसत्या पाण्यावर दिवस काढू नका, मीठ-साखरही लागते. शहाळं, भाताची पातळ पेज, मुगाचं गाळलेलं पाणी, ओआरएस (मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात, 24 तासांत संपवायचं) चालतं. लिंबू, संत्रं, कोकम झोंबतं. लाल सरबत नको, उलटीत रक्त आहे की रंग ते कळत नाही. आजी ‘गार दिलं तर घसा धरेल’ म्हणतील, पण इथे गारच बरं, बर्फाचा गोळासुद्धा, फक्त लाल रंगाचा नको. कान दुखणं, तोंडाला वास, घशात पांढरट थर हे या दिवसांत अपेक्षित आहे. तो थर खरवडू नका.

8 तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ चिकट, मूल मलूल, असं असेल तर सलाईन लागू शकतं, आजच दवाखाना गाठा. पाचव्या ते दहाव्या दिवसात खपली सुटते, तेव्हा रक्त येऊ शकतं. झोपेत सारखं घुटके गिळत असेल तर टॉर्चने घसा बघा. ताजं लाल रक्त दिसलं, थोडंसं का असेना, तर तिला पुढे वाकवून बसवा, थुंकू द्या आणि तसंच हॉस्पिटलमध्ये न्या. वाटेत काही पाजू नका, पुन्हा भूल द्यावी लागू शकते.