शून्य, नल की नलपीटीआर?

जीसीसी या कंपायलरचा कोड साफ करायला घेतलास, छान. पण रिकामा पॉइंटर (कुठलाच पत्ता न दाखवणारा) लिहायला लगेच सगळीकडे नलपीटीआर, म्हणजे सी++११ मधला त्यासाठीचा खास शब्द, घालत सुटू नकोस. इथे ट्री आणि आरटीएल ही जीसीसीच्या आत प्रोग्राम मांडायची दोन रूपं आहेत; ट्रीसाठी नल_ट्री, आरटीएलसाठी नल_आरटीएक्स आणि इतर पॉइंटरांना साधा नल अशी जुनी वहिवाट आहे. नल_ट्री वाचलं की तिथे कसला पॉइंटर अपेक्षित आहे ते डिक्लेरेशन न उघडता कळतं. ती माहिती पुसू नकोस. २०२१ च्या जीसीसी ११ पासून बिल्डला किमान सी++११ लागतं (जीसीसी १५ पासून सी++१४), त्यामुळे नव्या कोडमध्ये नलपीटीआर चालतो. जुन्या फाइलीत आजूबाजूच्या ओळींसारखंच लिही.

रिकाम्या पॉइंटरच्या जागी लिहिलेला उघडा ० मात्र दिसेल तिथे बदल. कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनला यादीचा शेवट म्हणून ० दिला असेल, तर आधी तोच. ६४ बिटांच्या मशीनवर तो ३२ बिटांचा इंट (पूर्णांक) म्हणून जातो, वरच्या बिटांत कचरा उरू शकतो, आणि फंक्शन यादी संपली तरी पुढे वाचत राहतं. मी यात दोन रात्री घालवल्या आहेत: माझ्याकडे टेस्ट पास, दुसऱ्या मशीनवर क्रॅश.

आणि सफाईच्या पॅचमध्ये बगची दुरुस्ती मिसळू नकोस. शंभर निरुपद्रवी ओळींत ती एक खरी ओळ तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते.