‘यू नो द ड्रिल’ म्हणजे नक्की काय? ड्रिल म्हणजे भोक पाडायचं मशीनच ना?

तुम्ही लिहिलंय की नवीन जॉबला लागून चार दिवस झाले, शुक्रवारी बॉस ‘यू नो द ड्रिल’ म्हणून निघून गेला आणि तुम्हाला डोळ्यासमोर भिंतीला भोक पाडणारं मशीन दिसत राहिलं. हसू नका, मला पण तेच दिसलं असतं, कारण मी भोसरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये आठ वर्षं काढलीत आणि आमच्याकडे ड्रिल म्हणजे ड्रिलच.

साधा अर्थ असा की ‘नेहमीचं काय ते तुला माहितीये, वेगळं सांगत बसत नाही’. म्हणजे शुक्रवारी निघताना रिपोर्ट पाठवणं, लाइट बंद करणं, जे काय तुमच्याकडे ठरलेलं असेल ते.

आता मशीनचा आणि याचा संबंध काय, तर आहे. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला, सतराव्या शतकाच्या आसपास, तिकडे ‘ड्रिलन’ म्हणजे भोक पाडणं आणि गरागरा फिरवणं पण. मग सैनिकांना मैदानात तेच तेच फिरवून, वळवून जे शिकवतात त्यालाही ड्रिल म्हणायला लागले. आपली कवायत. आमचे वडील अजून पीटीच्या तासाला ‘ड्रिलचा तास’ म्हणतात.

मशीनवर उभं राहिलात की हे जास्त पटतं. आधी सेंटर पंच मारायचा, म्हणजे टोकदार पंचाने भोकाच्या जागी खळगी पाडायची, नाहीतर बिट (मशीनला लावलेलं भोक पाडायचं पातं) घसरतो आणि जॉबवर, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यावर, ओरखडा उमटतो, मग सुपरवायझरच्या शिव्या. जाड लोखंडात एका दमात दाबत गेलं तर बिट जळतो किंवा तुटतो, म्हणून थोडं खाली, परत वर, बुरा काढा, कूलंट (थंड ठेवणारं पाणी-तेल) सोडा, परत खाली. दहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे असतील तर ड्रिल साडेआठ मिलिमीटरचं, हे मला पहिल्या आठवड्यात इतक्या वेळा ऐकवलं की आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. ह्यालाच इंग्रजीत ‘ड्रिल्ड इन्टू मी’ म्हणतात, आपण म्हणू डोक्यात पक्कं बसवलं, घोटवून घेतलं. (पोलिसांनी आरोपीला उलटसुलट प्रश्न विचारून पिळून काढलं तर ते मात्र ‘ग्रिल्ड’, ग चं ग्रिल, तिथे ड्रिल लिहिलंत तर बिचाऱ्याला भोकं पाडल्यासारखं होईल.)

मॉक ड्रिल तर आता मराठीच झालाय, 7 मे 2025 ला देशभर झालं, सायरन वगैरे वाजले, तेव्हा घराघरात तोच शब्द होता. त्यावरूनच ‘धिस इज नॉट अ ड्रिल’, म्हणजे सराव नाही, खरंखुरं आहे. 13 जानेवारी 2018 ला अमेरिकेच्या हवाई नावाच्या बेटांवर सकाळी सकाळी लोकांच्या मोबाइलवर मेसेज आला की मिसाइल येतंय, आसरा घ्या, आणि शेवटी हेच वाक्य. प्रत्यक्षात मिसाइल-बिसाइल काही नव्हतं, चुकून गेलेला मेसेज, पण तसं सांगणारा दुसरा मेसेज यायला 38 मिनिटं लागली. त्या 38 मिनिटांत लोकांचं काय झालं असेल, विचार करा.

ऑफिसात अजून एक ऐकाल, ‘ड्रिल डाउन करा’. म्हणजे वरचा आकडा बघून गप्प बसू नका, खाली खोदत जा. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये (मोठ्या यादीची बेरीज करून दाखवणारा तक्ता) एका आकड्यावर डबल क्लिक केलं की त्याच्यामागच्या सगळ्या ओळी वेगळ्या शीटवर उघडतात ना, तेच. आणि अमेरिकन क्लायंट ‘फायर ड्रिल’ म्हणाला तर आगच शोधू नका, कधीकधी त्याचा अर्थ उगाच ऐनवेळी उडालेली धावपळ एवढाच असतो.

गावाकडचे असाल तर सीड ड्रिल माहीतच असेल, पेरणीयंत्र, आपल्या तिफणीचा ट्रॅक्टरवाला भाऊ. खाकी ड्रिल हे कापड मात्र वेगळंच, तो शब्द जर्मनमधून आलाय, मूळ अर्थ तीन धाग्यांचं. भोकाशी त्याचा काही संबंध नाही, चड्डी फाटेपर्यंत तरी.

तुमच्या केसमध्ये चूक बॉसची आहे खरंतर, चार दिवसांच्या माणसाला काय ठरलंय ते कुठून माहीत असणार. सोमवारी शेजारच्या सीनियरला सरळ विचारा, ‘व्हॉट्स द ड्रिल हिअर?’ हे पण बरोबर इंग्रजी आहे, किंवा मराठीतच विचारा, शुक्रवारी निघताना इथे काय काय करायचं असतं.