इतिहासाची पदवी आणि अभिलेखागारातील वाट

ऐरोलीहून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी ठाण्यातील महाविद्यालयात इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकते आणि तिला पुढे अभिलेखागारात काम करायचे आहे. जुन्या कागदांचा आज कोणाला उपयोग आणि त्यावर उदरनिर्वाह होईल का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या शासकीय महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पुढे जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर हक्क सांगताना वारसांना जुने सातबारे आणि फेरफार शोधावे लागले. आजोबा-पणजोबांचे नाव ज्या नोंदीत आहे, ती नोंद हाती आल्याशिवाय दावा उभा राहत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा राज्यभर शोध सुरू झाला, तेव्हाही मोडी, म्हणजे जुन्या मराठी दस्तांची लिपी, वाचू शकणाऱ्या माणसांची निकड सर्वांना जाणवली. जुना कागद हा सामान्य माणसाच्या हक्काचा पुरावा असतो, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच आपल्या मुलीने सर्वप्रथम मोडी शिकावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षणवर्ग घेते. त्याचे मुंबईतील कार्यालय काळा घोडा येथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे, तर पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. मात्र केवळ लिपी येऊन भागत नाही. कागद ज्या कार्यालयातून आले त्याचा मूळ क्रम न मोडता त्यांची सूची करणे, दमट हवेपासून व वाळवीपासून त्यांना जपणे आणि आता त्यांच्या डिजिटल प्रती नीट वर्णनासह साठवणे, हे या व्यवसायाचे खरे काम आहे. यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील एक वर्षाची पदविका उपयुक्त ठरते. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहाव्यात.

उत्पन्नाविषयी स्पष्ट सांगतो. शासकीय पदे मोजकी असतात आणि भरतीची वाट पाहावी लागते, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर राहू नये. विक्रोळीत गोदरेज समूहाचे आणि पुण्यात रिझर्व्ह बँकेचे स्वतंत्र अभिलेखागार आहे. बँका, उद्योग आणि संशोधन संस्था यांनाही प्रशिक्षित माणसे लागतात. याशिवाय मोडी दस्तांचे लिप्यंतर करून देणाऱ्यांना जमिनीच्या आणि वारसाच्या प्रकरणांत काम मिळते.

मुलीला भाषांची आवड असेल, तर माझी आग्रहाची सूचना आहे की तिने पोर्तुगीज शिकावी. ठाणे १७३७ पर्यंत आणि वसई १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि १५९५ मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या अभिलेखागारात त्या राजवटीची दप्तरे आहेत. मराठी, मोडी आणि पोर्तुगीज या तिन्हींत सहज वावरणारे अभ्यासक फारच थोडे आहेत. परीक्षा संपताच मोडीच्या पुढील वर्गाची चौकशी करावी. पोर्तुगीजचा निर्णय एम.ए.ला प्रवेश घेताना केला तरी चालेल.