सेंट्रल मॉनिटर घेण्याआधी वॉर्डाचा चार्ट पाहावा

विट्यातील आपल्या 30 खाटांच्या रुग्णालयात सर्व खाटांचे मॉनिटर एकाच पडद्यावर दाखवणारी सेंट्रल यंत्रणा बसवल्यास रुग्णांची सुरक्षितता वाढेल का, असे आपण विचारले आहे. मिरजेत अतिदक्षता विभागात आणि जनरल वॉर्डात अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केल्यानंतर माझे मत असे आहे की, अतिदक्षता विभागासाठी ती जरूर घ्यावी. वॉर्डासाठी मात्र आधी नोंदींची घडी नीट बसवावी.

वॉर्डातील रुग्ण बहुधा एकाएकी खालावत नाही; त्याआधी काही तास त्याचे आकडे थोडे थोडे सरकत असतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशीचा एखादा रुग्ण घ्या. श्वास मिनिटाला 24, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) 94 टक्के, वरचा रक्तदाब 104, नाडी 112, ताप 38.4 अंश सेल्सिअस आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर. अलार्मच्या मर्यादा श्वासाला 30, सॅच्युरेशनला 90, रक्तदाबाला 90 आणि नाडीला 120 अशा ठेवलेल्या असतील, तर हा मॉनिटर एकदाही वाजणार नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 मध्ये आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर; गुण जितके जास्त तितका धोका जास्त) या गुणपद्धतीत मात्र याच नोंदींना अनुक्रमे 2, 1, 1, 2 आणि 1 गुण मिळतात. बेरीज 7 होते, आणि 7 गुणांना त्या पद्धतीत तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी लागते. त्यासाठी एक छापील तक्ता पुरतो. सोळा वर्षांखालील मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी ही पद्धत नाही.

सर्वांत जास्त हेळसांड श्वासाच्या नोंदीची होते. आपल्या वॉर्डातील चार्ट काढून पाहा. तिन्ही पाळ्यांत, सर्व खाटांवर 18 किंवा 20 हेच आकडे असतील, तर श्वास कोणी मोजलेलेच नाहीत असे खुशाल समजावे. नाडी पाहताना धरलेले मनगट तसेच धरून ठेवावे आणि पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी, कारण श्वास मोजला जात आहे हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. रात्रपाळीला एकाच सिस्टरवर पूर्ण वॉर्ड असेल, तर हे एक मिनिट तिला मिळणार नाही. त्या वेळी मॉनिटरपेक्षा आणखी एका सिस्टरची नेमणूक मला अधिक मोलाची वाटते.

यंत्रणा घेतलीतच, तर मर्यादा प्रत्येक रुग्णानुसार लावाव्यात. बोटावरचा सैल प्रोब, गार पडलेली बोटे किंवा घामाने सुटलेली छातीवरची लीड (वायर) यांमुळे दिवसभर विनाकारण वाजणाऱ्या अलार्मकडे पुढे कोणाचेही लक्ष जात नाही, आणि खरा अलार्मही त्यातच हरवतो.

शेवटचा मुद्दा फोनचा. गुण 5 झाले की ड्युटी डॉक्टरांनी किती मिनिटांत यायचे, ते न आल्यास कोणाला कळवायचे, हे लेखी ठरवून नर्सिंग स्टेशनवर लावावे. रात्री दोन वाजतासुद्धा सिस्टरने थेट कन्सल्टंटना फोन करावा आणि रुग्ण ठीक निघाला तरी तिला कोणी बोलू नये, हे त्या कागदावर आपल्या सहीने असावे.