दाताळं हाती घेण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ऑरेगनला ट्रफलवर, म्हणजे बुरशीच्या गाठीसारख्या फळावर, पीएचडी करायला निघालीस, हे वाचून बरं वाटलं. ट्रफलला किलोमागे भाव काय, हे तुला प्रत्येक जण विचारेल. हसून वेळ मारून ने. तुझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या मुळांशी कोणकोणत्या बुरश्या नांदतात, आणि त्या एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली पोचतात कशा?

पोचण्याचं काम जनावरं करतात. ट्रफल जमिनीखाली वाढतं, त्यामुळे बीजाणू वाऱ्यावर सोडायची सोय नाही. पिकलं की ते वास सोडतं. उडती खार आणि व्होल नावाचा आखूड शेपटीचा उंदीर ते उकरून खातात, आणि बीजाणू लेंड्यांतून धड बाहेर पडतात. ख्रिस मेसर, जेम्स ट्रॅप आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ साली तिथल्याच सूचिपर्णी जंगलांतलं हे नातं मांडलं. खारीवर ठिपकेदार घुबड जगतं, म्हणजे त्याच्याही पोटाची सोय काही अंशी ही बुरशीच लावते.

म्हणून पहिल्या हंगामात लेंड्या गोळा कर. व्होलने तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी उकरलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली ट्युबर या ट्रफलच्या वंशाचे बीजाणू जाळीदार किंवा काटेरी दिसतील, रायझोपोगॉन या दुसऱ्या वंशाचे गुळगुळीत आणि लांबट. वंश कळेल, जात बहुतेक वेळा कळणार नाही, तिथे डीएनए लागेल.

दाताळ्याने सरसकट उकरणं मला पटत नाही. कच्ची, बिनवासाची ट्रफलं वर येतात आणि कोवळी मुळं तुटतात. कुत्रा पिकलेलंच दाखवतो, पण शिकवलेल्या वासापलीकडची ट्रफलं त्याच्याकडून निसटू शकतात. विविधता मोजायची तर ते परवडत नाही. तेव्हा छोटे चौकोन आखून उकर, आणि पालापाचोळा होता तसा परत पसर.

ट्रफल मिळालं की तिथेच उभं काप. आतला रंग, वास आणि बोट दाबल्यावर होणारा बदल लगेच लिही. रायझोपोगॉनच्या कित्येक जाती दाबल्या की लालसर होतात. वाळवल्यावर हे कळत नाही. आणि ‘हे तर कालचंच’ म्हणून काही टाकू नकोस. ऑरेगनचं वसंतातलं पांढरं ट्रफल, ट्युबर गिबोसम, एकच जात समजलं जाई. २०१० साली त्या गटात चार जाती निघाल्या.

लेंड्या कागदी पाकिटात ठेव, प्रत्येक जागेचं पाकीट वेगळं. वर पेन्सिलनेच लिही. तिथल्या हिवाळी पावसात शाई फुटते.

तुझा,
सर