रिस्क रिपोर्ट लिहिण्याआधी एकदा बोदवडला ये

बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, बाहेरच्या बियाणं कंपनीत इंडियाचं मार्केट बघायचं काम मिळालं म्हणून फार बरं वाटलं, पाचोऱ्याची पोर तिथपर्यंत गेली. तू विचारलंस की रिस्क रिपोर्टला सुरुवात कुठून करू. मी इतकी वर्षं जळगावात बसून एका परदेशी कंपनीसाठी रुई खरेदी केली, त्यामुळे जे डोळ्यासमोर झालं तेच सांगतो.

५ मार्च २०१२, सोमवार होता. बोदवडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आमच्या गठाणी बांधून पडलेल्या, एकेक १७० किलोची, नंबर टाकून झालेले, ट्रक संध्याकाळी लागणार, एलसी (पैशांची बँकेची हमी) उघडलेली, अन् फोन आला की केंद्राने कापसाची निर्यात बंद केली. आधी वाटलं नवीन सौदे बंद असतील, पण नाही, रजिस्टर झालेला मालही थांबवला. कापड गिरण्यांना रुई कमी पडू नये म्हणून हे केलं, आणि तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार उघड बोलले की मला विचारलंच नाही. शेतकरी रस्त्यावर आले, आठवड्याभरात सरकारने ढील दिली, पण ती पण जुने कागद तपासून माल सोडू एवढीच. तेवढ्यात गोडाऊनचं भाडं, बँकेचं व्याज, तिकडे खरेदीदार रोज विचारतोय माल कुठंय. माझा साहेब एकच प्रश्न परत परत विचारायचा, सही झालेला सौदा सरकार कसं थांबवू शकतं? मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. आज देईन. ती ओढाताण गिरणीवाले आणि शेतकरी यांची होती, दोघांकडे निवडणुकीची मतं आहेत, दिल्लीत त्यांची माणसं आहेत, आपली कंपनी त्या खोलीत नव्हतीच.

त्याच महिन्यात बजेट आलं बघ. व्होडाफोन जानेवारीत सुप्रीम कोर्टात टॅक्सची केस जिंकली होती, आणि मार्चच्या बजेटमध्ये कायदाच मागच्या तारखेपासून बदलायचा प्रस्ताव आला, तो पासही झाला. तो नियम निघायला २०२१ उजाडलं. म्हणजे कोर्टात जिंकलो की सुटलो असं रिपोर्टमध्ये लिहू नको.

आता तुझ्या कामाचं. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं जनुक घातलेला, २००२ ला मंजूर झाला आणि काही वर्षांत आपल्याकडे दुसरं बियाणंच दिसेना, तुझ्या पप्पांनी पण तेच लावलं. २०१६ च्या मार्चमध्ये केंद्राने पाकिटाचा भाव ८०० रुपयांवर बांधला आणि त्यातला मोन्सँटो या अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानाचा हिस्सा १६३ रुपयांवरून थेट ४९ वर आणला. त्याच वर्षी मोन्सँटोची इथली भागीदार महिको हिने पुढच्या बियाण्याच्या मंजुरीचा अर्ज मागे घेतला. मला स्वतःला तेव्हा आनंदच झाला होता, ४५० ग्रॅमच्या पाकिटाला किती मोजायचं याला काही मर्यादा पाहिजेच, पण नंतर चोर बीटी, म्हणजे मंजुरी नसलेलं बियाणं, गुजरातकडून गावोगाव यायला लागलं, बिल नाही, गॅरंटी नाही, उगवलं नाही तर भांडायचं कोणाशी. ही दोन्ही गणितं तुझ्या रिपोर्टमध्ये पाहिजेत, नुसतं "किंमत नियंत्रणाचा धोका" एवढं लिहून भागणार नाही.

आणि चिप्सवाल्या पेप्सिकोचं विसरू नको. २०१९ ला गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर आपल्या बटाट्याच्या वाणाच्या हक्कावरून केस केली, चौघांकडून तर प्रत्येकी एक कोटीच्या वर मागितले, अन् मे महिन्यात केसेस मागे घ्याव्या लागल्या. आपल्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं ठेवायचा, पेरायचा, विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. तुझ्या साहेबांना हे कलम आधी वाचून दाखव, त्यांच्या देशात असं नसेल तर त्यांना खरंच वाटणार नाही.

रुपयाचं तुला येतंच, २०१३ ला मे मध्ये डॉलर ५४ च्या आसपास होता तो ऑगस्टच्या शेवटी ६८ च्या पुढे गेला, इथे धंदा वाढला तरी तिकडच्या हिशेबात घटलेला दिसतो.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. कोणी म्हणेल फाईल हलवायला थोडं चहापाणी द्या, इथे सगळे देतात. तू द्यायचं नाही आणि डीलरमार्फत पण द्यायचं नाही. तुझ्या कंपनीचा ब्रिटनमध्ये धंदा असेल तर तिथल्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यात छोट्या चहापाण्यालाही सूट नाही, आणि एजंटने दिलं तरी कंपनी अडकते. आमच्याकडे एका एजंटने असंच "परस्पर बघून घेतलं", ते ऑडिटमध्ये निघालं आणि सहा महिने आम्ही खुलासेच लिहीत बसलो. फाईल उशिरा निघू दे, लेखी पाठपुरावा कर, तारखा टिपून ठेव.

रिपोर्ट लिहायच्या आधी दोन दिवस सुट्टी काढून ये, दिवाळीनंतर वेचणी जोरात असते. सकाळी कृषी केंद्राच्या बाकावर बसू, कोण कोणतं पाकीट मागतो आणि का ते ऐक, दुपारी बोदवडला जिनिंगवर जाऊ. येताना साहेबांचे प्रश्न लिहून आण, जसेच्या तसे.

तुझा,
काका