पलटणीत रुजू होण्यापूर्वी

चि. लेफ्टनंटसाहेब,

अनेक आशीर्वाद. हे संबोधन अजून दोन महिने उसनेच आहे, पण तुझ्या आईने ते आतापासून सुरू केले आहे, तेव्हा मी तरी मागे का राहू?

डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून तू पाठवलेला ‘माझे नेतृत्वविषयक तत्त्वज्ञान’ हा दोन पानी मजकूर मी काळजीपूर्वक वाचला. भाषा नेटकी आहे, खोडून काढावे असे एकही विधान नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. प्रामाणिकपणा, धैर्य, सहानुभूती हे त्यातले सगळे शब्द तुझ्या तुकडीतल्या कोणत्याही मुलाच्या नावावर खपून जातील.

अकादमीच्या चेटवूड सभागृहातील ती वाक्ये तुला पाठ असतीलच. १० डिसेंबर १९३२ रोजी अकादमीच्या उद्घाटनाच्या भाषणात तेव्हाचे सरसेनापती सर फिलिप चेटवूड यांनी तो क्रम लावून दिला: आधी देशाची सुरक्षितता, मान आणि हित, त्यानंतर हाताखालच्या जवानांचा मान, हित आणि सुखसोय, सर्वांत शेवटी स्वतःचा आराम आणि सुरक्षितता. तुम्हा मुलांना धास्ती वाटते ती या तिसऱ्या वाक्याची. शांततेच्या काळापुरते बोलायचे तर ते सोपे आहे. जवानांचे झाल्यावर जेवणे, मध्यरात्री पहाऱ्यावर फेरी मारणे, दौडीत पुढे राहणे हे बावीस वर्षांच्या धडधाकट मुलाला सहज जमते, आणि खरे सांगायचे तर त्यात मिरवण्याचीही थोडी सोय असते. अवघड आहे ते मधले वाक्य, कारण समोरच्या माणसाचे हित कशात आहे हे ठाऊक नसेल, तर ते पाळणार कसे?

मला ते ठाऊक नव्हते. पलटणीत येऊन मला जेमतेम सहा महिने झाले असताना एका जवानाने दहा दिवसांची सुट्टी मागितली. कारण विचारले तेव्हा तो ‘घरचे काम आहे, साहेब’ एवढेच म्हणाला. नेमबाजीची स्पर्धा तोंडावर आली होती आणि तो आमचा सर्वांत चांगला नेमबाज होता, म्हणून मी सुट्टी नाकारली, आणि आपण फार कणखर निर्णय घेतला अशा समाधानात झोपलो. तीन आठवड्यांनी सुभेदारसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितले की गावी भावकीने त्याच्या शेताचा बांध कोरला होता, सरकारी मोजणीची तारीख लागली होती, घरी फक्त म्हातारी आई होती आणि ती तारीख हुकली. ‘साहेब, जवान सुट्टी मागताना अर्धेच बोलतो, उरलेले आपण विचारायचे असते,’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला अधिक झोंबले. पुढे मी जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहिले, मोजणी पुन्हा झाली, पण त्या मुलाने मला पुन्हा कधी आपणहून काही सांगितले नाही.

त्या रात्री मी वहीत एक ओळ लिहिली: ‘नाही’ म्हणण्याआधी दुसऱ्यांदा विचारायचे. माझ्या तत्त्वज्ञानाचे ते पहिले वाक्य, आणि ते माझे आहे, कारण त्याची किंमत दुसऱ्याने मोजलेली मी पाहिली. तुला मराठा पलटण मिळाली तर निदान भाषेचा अडसर नसेल; गढवाली, मद्रास किंवा शीख पलटण मिळाली तर त्यांची भाषा शीक, त्यांच्या मंदिरात किंवा गुरुद्वाऱ्यात त्यांच्यासोबत बैस. अर्धे बोललेले कळायला आधी पूर्ण बोललेले तरी कळले पाहिजे.

खाली पाहण्याबद्दल इतके लिहिले. वर पाहून बोलण्याबद्दल तुझ्या दोन पानांत एक शब्दही नाही. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात पूर्व कमांडचे प्रमुख असताना त्यांनी १९५९ मध्ये चीनच्या संभाव्य हल्ल्यापासून नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, संरक्षणाविषयीचे आपले मूल्यमापन लेखी स्वरूपात वर पाठवले, आणि १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात तेच पुन्हा मांडले. दिल्लीत ते मानले गेले नाही. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा तिथे काय घडले ते तू शिकला आहेस. तुझ्या वाट्याला नेफा येणार नाही. दोन गाड्या नादुरुस्त असताना ‘सब ठीक है’ असा अहवाल देण्याची सायंकाळ मात्र पहिल्याच महिन्यात येईल, आणि कंपनी कमांडर दमलेले व चिडलेले असतील. त्या सायंकाळी तू काय बोललास ते मला कळव.

तुझी दोन पाने सोबत परत पाठवत आहे. अकादमीत ती खुशाल सादर कर, गुण चांगले मिळतील. त्याबरोबर एक कोरी, खिशात मावणारी वही आहे. तिच्यात पहिल्या वर्षी फक्त चुका लिही, तारखेसह, आणि ती चूक तुला कोणी दाखवून दिली तेही लिही. पहिल्या सुट्टीवर आलास की ती घेऊन ये, मी चहा टाकून ठेवतो.

तुझा,
काका